औषधांना मंजुरी देणारे तज्ज्ञ आणि त्यांचे हितसंबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीस वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवरही होते. निवृत्तीनंतर कुठे बोलायला गेले की शेवटी चहाच्या वेळी लोक तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रम विचारणाऱ्यांचा, उत्तरं माझी.

आधी तुमचंच सांगा. तुमचे हितसंबंध काय?

बरोबर आहे, हा प्रश्न पहिलाच यायला हवा. औषध कंपनीचे शेअर माझ्या नावावर नाहीत. यजमानांच्या म्युच्युअल फंडात असतीलही, ती पत्रकं मी उघडत नाही. सख्खा भाचा एका औषध कंपनीत मंजुरीची कागदपत्रं तयार करण्याच्या विभागात आहे. १९९०च्या दशकात एका कंपनीच्या खर्चाने गोव्याच्या परिषदेला गेले होते. तीन रात्री, समुद्राकडे तोंड असलेली खोली. आणि माझ्या टेबलावर अजून एक पेनस्टँड आहे, त्यावर ॲसिडिटीच्या गोळीचं नाव आहे. पेनस्टँड चांगला आहे, म्हणून टाकवला नाही.

यातल्या कशाने माझं मत वाकलं का? मला तरी तसं वाटत नाही. पण अडचण अशी की ज्याचं मत वाकलेलं असतं त्यालाही अगदी असंच वाटत असतं. म्हणून हे ठरवायचं काम ज्याचं त्याच्याकडे ठेवत नाहीत.

हितसंबंध असणं म्हणजे लबाडी का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की आपले संबंध लिहून द्यायचं घोषणापत्र भरायला दिलं की चांगले चांगले डॉक्टर दुखावतात. "मॅडम, माझ्यावर संशय आहे का?" असं मला तोंडावर विचारलेलं आहे.

हितसंबंध ही परिस्थिती आहे, गुन्हा नव्हे. तुमच्या नातीने शाळेच्या निबंध स्पर्धेत भाग घेतला आणि परीक्षक तुम्हीच असाल, तर तुम्ही अप्रामाणिक ठरत नाही. पण त्या खुर्चीत तुम्ही बसू नये एवढं कुणीही म्हणेल. गुन्हा होतो तो संबंध लपवल्यावर.

एफडीए म्हणजे बांद्र्याचं ऑफिस ना?

महाराष्ट्रात एफडीए म्हटलं की लोकांना वांद्रे-कुर्ला संकुलातलं अन्न व औषध प्रशासन आठवतं. ते राज्याचं खातं. कारखान्याचा परवाना, मेडिकलच्या दुकानाचा परवाना, नमुने घेणं, धाडी, ही त्यांची कामं. बाजारात कधीच न आलेलं नवं औषध देशात येऊ द्यायचं की नाही हे दिल्लीत ठरतं. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना आणि तिचे प्रमुख, म्हणजे भारताचे औषध महानियंत्रक, ते ठरवतात. गंमत म्हणजे दिल्लीतल्या त्या इमारतीचं नावही एफडीए भवनच आहे. अमेरिकेची एफडीए तिसरी. या पानावर 'अमेरिकी एफडीए' असं स्पष्ट लिहिलं असेल तेव्हाच ती समजा.

ज्यांचा कुठल्याच कंपनीशी संबंध नाही असेच तज्ज्ञ का नेमत नाहीत? एवढा मोठा देश आहे.

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. उत्तर थोडं लांबेल.

नव्या औषधाच्या मोठ्या चाचण्यांचा खर्च बहुतेक वेळा कंपनीच करते. सरकारच्या किंवा विद्यापीठाच्या पैशांतून अशा चाचण्या होतात, पण कमी. चाचणी करायची तर ज्या विभागात तसे पेशंट येतात तिथेच करावी लागते, आणि मुख्य संशोधक म्हणून त्या विभागाचा प्रमुख पुढे येतो. म्हणजे त्या आजारात ज्याने सर्वांत जास्त पेशंट पाहिले, त्याचंच नाव कंपनीच्या करारावर येतं. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी. कंपन्यांच्या भाषेत अशा माणसाला 'केओएल' म्हणतात, म्हणजे ज्याचं मत बाकीचे डॉक्टर मानतात तो. नियामकालाही, म्हणजे औषधाला मंजुरी देणाऱ्या संस्थेलाही, नेमका तोच हवा असतो.

आता एखादा विरळा आजार घ्या. लहान मुलांच्या स्नायूंचा, लाखात एखाद्याला होणारा. असे वीसहून जास्त पेशंट स्वतः सांभाळलेले डॉक्टर अख्ख्या देशात हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्या आजारावर पहिलं औषध येतं तेव्हा त्यातले बहुतेक जण चाचणीत असतात. सगळ्यांना बाहेर बसवलं तर खोलीत उरतात ते हा आजार पुस्तकात वाचलेले लोक. ते निःपक्ष असतील, पण मूल जिन्याची चौथी पायरी चढलं याचा त्या घरात काय अर्थ होतो, हे त्यांना कागदावरून कळणार नाही. चाचणी मध्येच सोडलेले सहा पेशंट खरोखर का गेले, हेही अनेकदा ती चाचणी करणाऱ्यालाच माहीत असतं. अहवालात फक्त 'वैयक्तिक कारण' असं लिहिलेलं असतं.

म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही. ओल्याबरोबर सुकंही जळतं. पण यावरून 'तज्ज्ञ हवा, तर संबंध चालवून घ्या' असं म्हणणारे लगेच उठतात, तेही मला मान्य नाही. त्या डॉक्टरचं ज्ञान खोलीत यायला हवं. त्याचं मत मोजलं जायला नको. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या उत्तरांतला बराचसा मजकूर या फरकाभोवतीच आहे.

युरोपात हे कसं सांभाळतात?

युरोपीय औषध संस्था १९९५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार म्हणून २०१९ मध्ये ती ॲमस्टरडॅमला हलली. स्वतःच्या नोकरीतले शास्त्रज्ञ आहेतच, पण निकाल देणाऱ्या समित्या सदस्य देशांनी पाठवलेल्या तज्ज्ञांच्या असतात, आणि एकूण तज्ज्ञांची यादी हजारोंच्या घरात आहे.

यादीतल्या प्रत्येकाला दर वर्षी घोषणापत्र भरावं लागतं. ते संस्थेच्या संकेतस्थळावर नावानिशी लावलेलं असतं, कुणीही उघडून पाहावं. संबंधांचे ढोबळ दोन गट केलेत. कंपनीत नोकरी, सल्लागारी, शेअर, पेटंट हे थेट संबंध. कंपनीच्या चाचणीत मुख्य संशोधक असणं किंवा कंपनीकडून आपल्या विभागाला अनुदान येणं हे अप्रत्यक्ष. कोण कुठल्या कामाला चालेल हे तीन गोष्टींवर ठरतं : संबंध कसला, तो संपून किती काळ झाला, आणि माणूस कुठल्या खुर्चीत बसणार आहे. समितीच्या अध्यक्षाला जे चालत नाही ते साध्या सदस्याला एखाद वेळी चालतं. २०१५ पासून लागू झालेल्या धोरणात बऱ्याचशा जुन्या संबंधांना तीन वर्षांचा थांबा होता. पण कंपनीत राहून एखादं औषध घडवण्यात तुमची प्रमुख भूमिका असेल, तर त्या औषधापुरते तुम्ही कायमचे बाद.

मला त्यातली सर्वांत आवडलेली तरतूद वेगळीच आहे. संबंध असलेल्या तज्ज्ञाला 'तज्ज्ञ साक्षीदार' म्हणून बोलावता येतं. तो येतो, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो आणि उठून जातो. चर्चेला थांबत नाही, निष्कर्षात त्याचा हात नसतो. कोर्टात साक्षीदार निकाल लिहीत नाही, तसंच. आपल्याकडच्या समित्यांत हा मधला रस्ता फार कमी वापरलेला दिसतो. आपण माणसाला एक तर टेबलावर बसवतो, नाहीतर बोलावतच नाही.

हे सगळं संस्थेला सुचलं म्हणून झालेलं नाही, तेवढं सांगायला हवं. २०१० अखेर पायउतार झालेल्या कार्यकारी संचालकांनी लगोलग औषध उद्योगाला सल्ला देण्याचं काम सुरू केलं, त्यावर गदारोळ झाला आणि युरोपीय संसदेने संस्थेच्या हिशेबांना मान्यता द्यायचं लांबणीवर टाकलं. त्यानंतर नियम भराभर कडक झाले.

संबंध असलेला तज्ज्ञ कंपनीच्या बाजूनेच झुकतो ना?

इथेच लोक फसतात. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनेही झुकू शकतो.

दारूचं व्यसन सोडवण्यासाठी 'होपवेयस' नावाचं औषध एका फ्रेंच कंपनीने युरोपात आणायचं ठरवलं. परवानगी नाकारली गेली, फेरतपासणीतही नाकारली गेली. कंपनी कोर्टात गेली आणि म्हणाली, फेरतपासणीत तुम्ही ज्या तज्ज्ञगटाचं मत घेतलंत, त्यातला एक जण दारूच्याच व्यसनावरच्या दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीचा मुख्य संशोधक आहे. खालच्या पायरीवर २०२२ मध्ये कंपनी हरली. १४ मार्च २०२४ ला युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि परवानगी नाकारण्याचा निर्णयच रद्द केला. त्या तज्ज्ञाने खरोखर पक्षपात केला हे सिद्ध करायची गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. रास्त शंकेला जागा राहिली आणि ती दूर करण्याची व्यवस्था नव्हती, तेवढं पुरे.

याचे हादरे लगेच बसले. विस्मरणाच्या आजारावरच्या लेकेनेमॅब या औषधासाठी तज्ज्ञगटाची बैठक ठरली होती, ती याच निकालामुळे पुढे ढकलावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये संस्थेने सुधारलेलं धोरण मंजूर केलं, ते १ मे २०२५ पासून लागू झालं.

मग मोठ्या रुग्णालयांतले सगळेच डॉक्टर बाद व्हायला हवेत. तिथे कुठल्या ना कुठल्या औषधाचं काम चालूच असतं.

हा वादही कोर्टात गेलेला आहे. 'ॲप्लिडिन' हे मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध. स्पेनच्या कंपनीला परवानगी नाकारली गेली. तज्ज्ञांतले दोघे एका विद्यापीठ रुग्णालयाचे नोकर होते. अशा रुग्णालयाला औषध कंपनीसारखंच धरावं, हा कंपनीचा मुद्दा २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने उचलून धरला. तेव्हा नियामकांची झोप उडाली, कारण युरोपातले नामवंत डॉक्टर असतात ते अशाच रुग्णालयांत. जर्मनी आणि एस्टोनिया अपिलात गेले. जून २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला : विद्यापीठ रुग्णालय म्हणजे औषध कंपनी नव्हे.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. संस्थेच्या पाटीवरून माणसाला बाद करू नका, पण त्याच्या स्वतःच्या हातातलं काम जरूर बघा.

एक-दोन सदस्यांनी खरंच निकाल बदलतो का, की हा नुसता तत्त्वाचा प्रश्न आहे?

आकडेच बघा. फेब्रुवारी २००५, मेरीलँडमधलं गेदर्सबर्ग. रोफेकॉक्सिब, म्हणजे 'व्हायॉक्स', हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने स्वतःच बाजारातून काढून घेतलं होतं. त्याच जातीच्या वेदनाशामकांचं काय करायचं यासाठी अमेरिकी एफडीएने ३२ सल्लागारांची बैठक बोलावली. व्हायॉक्स परत येऊ द्यावं या बाजूने १७ मतं, विरोधात १५. 'बेक्स्ट्रा', म्हणजे व्हाल्डेकॉक्सिब, बाजारात राहू द्यावं या बाजूने १७, विरोधात १३.

नंतर वर्तमानपत्राने छाननी केली तेव्हा दिसलं की ३२ पैकी १० जणांचे या औषधांच्या कंपन्यांशी अलीकडचे संबंध होते. दोन्ही औषधांवर त्या दहांची मतं ९ विरुद्ध १ अशी पडली होती, औषधांच्या बाजूने. ती वजा करा. व्हायॉक्स ८ विरुद्ध १४ ने हरतं, बेक्स्ट्रा ८ विरुद्ध १२ ने.

ते दहा जण विकले गेले होते असं मी म्हणत नाही. सांधेदुखीच्या पेशंटना रोज तपासणाऱ्याला त्या गोळीचा उपयोग जास्त दिसतो, आणि असा डॉक्टरच कंपनीला हवा असतो. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे बाहेरून वेगळं करता येत नाही. अडचण आहे ती हीच.

व्हायॉक्स परत आलं नाही. बेक्स्ट्राही एप्रिल २००५ मध्ये गेलं. भारतात रोफेकॉक्सिबवर डिसेंबर २००४ मध्ये आणि व्हाल्डेकॉक्सिबवर जुलै २००५ मध्ये बंदी आली.

अमेरिकेने त्यावर काय केलं?

२००७ च्या कायद्याने, संबंध असूनही समितीवर बसू देण्याच्या सवलती दर वर्षी कमी करत नेण्याचं बंधन घातलं. मग जागा रिकाम्या राहतात, तज्ज्ञ मिळत नाहीत अशी ओरड झाली. २०१२ च्या कायद्याने ते बंधन काढून टाकलं. झोका एकदा इकडे, एकदा तिकडे.

भारतात काय परिस्थिती होती?

मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ५९ वा अहवाल मांडला. आमच्या विभागात त्याच्या छापील प्रती हातोहात फिरल्या होत्या. कुणीतरी पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या होत्या, शेवटी शेवटी पानच पिवळं झालं होतं.

समितीने ४२ औषधांच्या फायली मागवल्या. तीन सापडल्याच नाहीत. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३३ नवी औषधं भारतीय पेशंटवर चाचणी न होताच मंजूर झाल्याचं आढळलं. पण मला हादरवणारा भाग तज्ज्ञांच्या पत्रांचा होता. नियमाप्रमाणे तज्ज्ञांची मतं फाइलीला जोडलेली होती. वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या संस्थांतल्या नामवंत डॉक्टरांनी लिहिलेली. आणि मजकूर शब्दशः तोच. समितीने लिहिलं की ही पत्रं औषध उत्पादकांच्या 'अदृश्य हातांनी' लिहिलेली दिसतात, डॉक्टरांनी फक्त सही केली.

वर्गात दोन मुलांच्या उत्तरपत्रिकेत एकच स्पेलिंगची चूक सापडली की आम्ही दोघांना उभं करत होतो. इथे प्राध्यापकांच्याच उत्तरपत्रिका सारख्या निघाल्या. कुंपणच शेत खात होतं.

एक गोष्ट मात्र नोंदवते. यात हितसंबंधांपेक्षाही मोठी खोट पद्धतीची होती. मत कुणाचं घ्यायचं हे ठरवण्यात आणि ते मत फाइलीपर्यंत पोचवण्यात अर्जदार कंपनीचाच हात असेल, तर तुम्ही कितीही कडक घोषणापत्र छापा, काय उपयोग?

त्यानंतर काही सुधारलं का?

सुधारलं. सुट्या पत्रांच्या जागी विषयवार समित्या आल्या, आता त्यांना विषय तज्ज्ञ समिती म्हणतात. सरकारी महाविद्यालयांतले आणि मोठ्या संस्थांतले डॉक्टर त्यात असतात, कंपनी समोर येऊन सादरीकरण करते, बैठकीच्या शिफारशी संकेतस्थळावर येतात. प्राध्यापक रणजित रॉय चौधरी यांच्या समितीने २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट सुचवली होती : तज्ज्ञांची मोठी यादी करा आणि प्रत्येक वेळी त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करा. साधी वाटते, पण फार हुशारीची सूचना आहे. कुठला तज्ज्ञ बसणार हेच आधी ठाऊक नसेल, तर त्याला आधी गोव्याला न्यायचं कुणाला सुचणार?

शिफारशी वाचताना मात्र अडखळायला होतं. 'सविस्तर चर्चेनंतर समितीने शिफारस केली', बस. कुणी काय आक्षेप घेतला, कुणी बाहेर बसलं, कळत नाही. युरोपात जसं माणसाच्या नावाने घोषणापत्र उघडून वाचता येतं तशी सवय आपल्याकडे रुजलेली नाही.

उद्योगाचा प्रतिनिधी सरकारी मंडळावर असतो म्हणे?

असतो, आणि उघडपणे असतो. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाची रचना १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे, त्यात औषध उद्योगातून एक सदस्य नेमण्याची तरतूद आहे. मला याची फारशी चिंता वाटत नाही. तो कुणाचा माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. धोका असतो तो 'स्वतंत्र तज्ज्ञ' अशी पाटी लावून बसलेल्याचा.

घोषणापत्र भरून घेतात, पण प्रत्यक्ष खोलीत काय होतं?

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून थोडं सावकाश सांगते. नाव-गाव सांगणार नाही.

चाचणी रुग्णालयात सुरू करायच्या आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार तिच्यात किमान सात जण हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, आणि ज्याचा संबंध आहे त्याने त्या प्रस्तावाच्या वेळी भाग घ्यायचा नाही. कागदावर चोख.

आमच्याकडे घोषणापत्र चहाबरोबर यायचं. शिपाई बशीत दोन बिस्किटं आणि बशीखाली फॉर्म ठेवायचा. 'माझा कोणताही हितसंबंध नाही' हे आधीच छापलेलं, खाली रेघ. बिस्किट डाव्या हातात, सही उजव्या हाताने. अजेंडा अजून उघडलेलासुद्धा नसायचा. म्हणजे आज कुठल्या कंपनीचं औषध समोर येणार हे वाचण्याआधीच 'त्या कंपनीशी माझा संबंध नाही' असं आम्ही लिहून देत होतो.

एकदा प्रस्ताव आला आणि त्याचे मुख्य संशोधक कमिटीचेच सदस्य. सगळ्यांना माहीत होतं. तेही बसून राहिले. कुणी बोलेना, ते वयाने आणि मानाने मोठे. शेवटी आमच्यातल्या बाहेरच्या सदस्या, पेशाने वकील, शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचा चहा आम्ही बाहेर पाठवतो." सर क्षणभर थांबले, मग हसले आणि उठले. त्यांचा कप तिथेच राहिला. पुढच्या वीस मिनिटांत त्या प्रस्तावावर जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे त्या वर्षात कुठल्याच प्रस्तावावर विचारले गेले नव्हते. मग त्यांना आत बोलावलं, प्रश्न विचारले, उत्तरं घेतली, पुन्हा बाहेर पाठवलं. दोन बदल करून प्रस्ताव मंजूर झाला. नंतर ते मला म्हणाले, बदल चांगलेच होते.

त्या दिवसानंतर फॉर्म अजेंडासोबत आठ दिवस आधी जाऊ लागला. बिस्किटं तशीच राहिली.

नियामक संस्थाच कंपन्यांच्या फीवर चालते. मग सदस्यांचे शेअर तपासून काय मिळणार?

प्रश्न रास्त आहे. युरोपीय औषध संस्थेच्या उत्पन्नातला सुमारे ९० टक्के वाटा फीचा आहे. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने कंपन्यांकडून अर्ज-फी घेणं सुरू झालं, आणि औषध तपासणीचा मोठा खर्च आता त्यावर भागतो. फीच्या बदल्यात वेळेत निर्णय द्यायचं आश्वासन असतं, मंजुरीचं नव्हे. पण एकाच टेबलाशी वर्षानुवर्षं भेटणाऱ्यांत जवळीक होते, ती कुठल्या घोषणापत्रात येत नाही.

विस्मरणाच्या आजारावरच्या ॲड्युकॅनुमॅब या औषधाचं उदाहरण याच जातीचं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेरच्या सल्लागारांना विचारलं की परिणामकारकतेचा पुरेसा पुरावा आहे का. मुख्य प्रश्नावर दहा 'नाही', एक 'सांगता येत नाही', 'हो' एकही नाही. ७ जून २०२१ रोजी अमेरिकी एफडीएने तरीही वेगळ्या, जलद मार्गाने मंजुरी दिली. तीन सल्लागारांनी राजीनामे दिले. अमेरिकी संसदेच्या चौकशीने अमेरिकी एफडीए आणि कंपनी यांच्यातल्या संपर्कावर २०२२ अखेर ताशेरे ओढले, आणि २०२४ मध्ये कंपनीने औषध गुंडाळलं. इथे गडबड तज्ज्ञांच्या बाजूला नव्हतीच, घरातल्यांच्या बाजूला होती. बाहेरच्यांवर भिंगं रोखताना हे निसटतं.

नियामकाला कधी शिक्षा झाली आहे का?

फ्रान्समध्ये झाली. 'मेडिएटर', म्हणजे बेनफ्लुओरेक्स, १९७६ पासून मधुमेहाच्या स्थूल रुग्णांसाठी म्हणून विकलं जात होतं, आणि बारीक व्हायची गोळी म्हणून सर्रास घेतलं जात होतं. हृदयाच्या झडपा खराब होत होत्या. ब्रेस्ट शहरातल्या फुप्फुसविकार तज्ज्ञ इरेन फ्राशों यांनी चिकाटीने केसेस गोळा केल्या आणि २००९ मध्ये औषध बंद झालं. चौकशीत कंपनी आणि नियामकाभोवतीचे तज्ज्ञ यांची उठबस उघडी पडली. नियामक संस्थेचं नावच बदललं गेलं, २०११ अखेर हितसंबंध जाहीर करण्याचा नवा कायदा आला. मार्च २०२१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं आणि धोक्याकडे डोळेझाक केल्याबद्दल नियामक संस्थेलाही ३ लाख ३ हजार युरो दंड केला.

धोका लक्षात आणून देणारी डॉक्टर राजधानीतल्या कुठल्या समितीवरची नव्हती, ब्रेस्टच्या रुग्णालयातली होती.

रुग्ण संघटनांचे प्रतिनिधी तरी स्वच्छ असतात ना?

त्यांनाही फॉर्म भरावाच लागतो. बऱ्याच संघटनांची शिबिरं, पुस्तिका, परिषदा कंपन्यांच्या देणगीतून होतात. आणि ज्याचं मूल आजारी आहे त्याचा हितसंबंध तर सगळ्यांत मोठा आहे. त्याला खोलीतून घालवा असं कोण म्हणेल? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्याचं ऐकायचंच. संघटनेला पैसे कुठून येतात हेही विचारायचं.

मला स्वतःला काही तपासायचं असेल तर?

युरोपीय संस्थेच्या संकेतस्थळावर तज्ज्ञाचं नाव टाकलं की घोषणापत्र मिळतं. अमेरिकेत कुठल्या कंपनीने कुठल्या डॉक्टरला किती डॉलर दिले याची सरकारी नोंद २०१४ पासून खुली आहे, जेवणाच्या बिलापर्यंत.

भारतात थोडी उलट वाट धरावी लागते. देशातल्या चाचण्यांची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत होते, आणि जून २००९ पासून ती सक्तीची आहे. औषधाचं मूळ नाव टाका, ब्रँडचं नको. प्रत्येक चाचणीखाली पैसे कुणाचे, कुठल्या रुग्णालयात आणि मुख्य संशोधक कोण, हे सगळं असतं. त्या औषधाबद्दल टीव्हीवर किंवा वर्तमानपत्रात ठामपणे बोलणारं नाव त्या यादीत आहे का पाहा. असलं तर त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. फक्त ते कुठल्या खुर्चीतून बोलताहेत ते कळतं.

मी हे एकदा घरी बसून केलं, माझ्याच रक्तदाबाच्या गोळीसाठी. यादीत माझा एक जुना विद्यार्थी निघाला. फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, गोळी चांगली आहे, पण घोटे सुजले तर सांगा. आमच्या चाचणीत बऱ्याच जणांचे सुजले होते." घोटे पाहिले. सुजलेले होते.